पियानोवर डिमिनिश्ड सेव्हन्थ: कॉर्ड धरायची कशी आणि त्यातून सुटायचं कसं

मिडल सी दाबा. तिथून तीन सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर ई फ्लॅट, आणखी तीन वर जी फ्लॅट, आणखी तीन वर ए. या चार पट्ट्या एकदम दाबल्या की सी डिमिनिश्ड सेव्हन्थ झाली. सी हा ‘सा’ धरला तर हेच स्वर म्हणजे सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध. ‘ए’पासून पुन्हा तीन सेमीटोन चढलात की वरचा सी येतो. म्हणजे सप्तकातले बारा सेमीटोन चार सारख्या वाट्यांत विभागले गेले. या कॉर्डची सगळी गंमत आणि सगळा गोंधळ या समान वाटणीतूनच निघतो.

मोजताना चूक बहुधा एकाच जागी होते: सुरुवातीची पट्टीच ‘एक’ म्हणून मोजली जाते. मग सी, सी शार्प, डी असं ‘तीन’वर थांबून भलताच स्वर धरला जातो. सुरुवातीची पट्टी शून्य. सी शार्प एक, डी दोन, ई फ्लॅट तीन. दुसरी चूक ई-एफ आणि बी-सी या जोड्यांपाशी होते. तिथे मध्ये काळी पट्टी नसते, आणि घाईत ती असल्यासारखी मोजली जाते. पडताळा सोपा आहे. हात तसाच ठेवून खाली बघा: शेजारच्या कोणत्याही दोन बोटांच्या मध्ये, काळ्या-पांढऱ्या मिळून, बरोबर दोन पट्ट्या मोकळ्या दिसल्या पाहिजेत. एक दिसली किंवा तीन दिसल्या, तर ती दुसरीच कॉर्ड आहे.

शास्त्रशुद्ध लिहायचं तर सी डिमिनिश्ड सेव्हन्थचा चौथा स्वर ए नसून बी डबल फ्लॅट, म्हणजे दोन सेमीटोन उतरवलेला बी, आहे, कारण सातवा स्वर ‘बी’च्याच नावाने लिहावा लागतो. पियानोवर पट्टी तीच. नाव का महत्त्वाचं ते पुढे येईल. धरताना ए म्हणा, काही बिघडत नाही.

चिन्हांबद्दल मात्र सावध राहा. कॉर्डच्या अक्षरापुढे ‘डिम ७’ किंवा छोटं वर्तुळ आणि ७ असेल तर हीच कॉर्ड. वर्तुळाला तिरपी रेघ मारली असेल तर ती हाफ डिमिनिश्ड, म्हणजे सर्वांत वरचा स्वर एक सेमीटोन चढा: बी-डी-एफ-ए फ्लॅट ही पूर्ण, बी-डी-एफ-ए ही हाफ. एका पट्टीचा फरक, पण स्वभाव पार वेगळा. हाफ डिमिनिश्ड हळवी वाटते, पूर्ण डिमिनिश्ड कान टवकारायला लावते. नुसतं वर्तुळ असेल आणि ७ नसेल, तर नियमाप्रमाणे तीनच स्वर वाजवायचे. पण जॅझच्या चार्टमध्ये तेवढ्यानेही बहुधा चार स्वरच अपेक्षित असतात. चौथा स्वर घालून बघा. गाण्याच्या चालीशी तो भांडत नसेल तर ठेवा.

कॉर्ड बारा, आकार तीन

सी डिमिनिश्डमधला सी उचलून वरच्या सप्तकात ठेवा. आता खालून ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए, सी. अंतरं पुन्हा तीन-तीनच. म्हणजे हीच ई फ्लॅट डिमिनिश्ड सेव्हन्थ, हीच जी फ्लॅटची, हीच ‘ए’ची. कागदावर नावं बारा असली तरी पियानोवर पट्ट्यांचे संच तीनच भरतात:

सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए
सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट
डी, एफ, ए फ्लॅट, बी

पहिल्या दोन संचांत दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या पट्ट्या आहेत, तिसऱ्यात तीन पांढऱ्या आणि एक काळी. समोर एफ शार्प डिम ७ आली तर मोजत बसू नका. एफ शार्प म्हणजेच जी फ्लॅट, आणि तो पहिल्या संचात आहे, एवढं आठवलं की हात पडतो. तीन संच पाठ व्हायला दोन दिवस पुरतात. मेजर कॉर्डची इन्व्हर्जन्स (खालचा स्वर बदलून केलेल्या मांडण्या) गिरवण्यात जो वेळ जातो तो इथे जात नाही, कारण प्रत्येक इन्व्हर्जन म्हणजे दुसऱ्या नावाने तीच कॉर्ड.

हात आणि बोटं

अंगठा १, करंगळी ५ असे बोटांचे आकडे. एकत्र धरताना उजव्या हाताला १-२-३-५, डाव्याला खालून ५-३-२-१. खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत अंतर नऊच सेमीटोन, त्यामुळे लहान हातालाही ताण पडत नाही. अडचण येते ती अंगठा किंवा करंगळी काळ्या पट्टीवर येते तेव्हा. एफ शार्प-ए-सी-ई फ्लॅट धरून बघा: उजव्या हाताची दोन्ही टोकाची बोटं काळीवर आहेत. अशा वेळी मनगट वाकडं करून बोटं पोहोचवायला जाऊ नका. कोपरापासून सगळा हातच पुढे, पियानोच्या आतल्या बाजूला सरकवा. ए आणि सी या पांढऱ्या पट्ट्या मग आतल्या टोकाजवळ दाबल्या जातील. तिथे पट्टी जड लागते, कारण तिचा टेकू जवळ आलेला असतो, म्हणून मधल्या दोन बोटांना किंचित जास्त वजन द्या. नाहीतर कॉर्डचे मधले स्वर पोकळ ऐकू येतात आणि कॉर्ड चुकली की काय असं वाटतं.

आर्पेजिओसाठी, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवण्यासाठी, एक सोय आहे. सी, डी आणि ई या तीन पांढऱ्या पट्ट्यांपासून सुरुवात केली तर तिन्ही संच मिळतात आणि तिन्हींना एकच बोटं चालतात. उजवा हात चढताना १-२-३-४, मग अंगठा खालून घेऊन पुन्हा १. डावा हात चढताना ५-४-३-२-१, मग चौथं बोट अंगठ्यावरून पुढे. सुरुवात सी शार्पपासूनच करायची असेल तर उजव्या हाताचं दुसरं बोट त्यावर ठेवा, ‘ई’वर अंगठा आणा आणि पुढे नेहमीचा क्रम चालू द्या. अंगठा पांढऱ्यावरच यावा हा त्यामागचा हिशेब.

मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि दोन सप्तकं वर-खाली जा: आधी एका ठोक्याला एक स्वर, मग दोन, मग चार. दर चौथा स्वर ठणकन आपटत असेल तर अंगठा उशिरा खाली येतोय. दुसरं बोट पट्टीवर पडलं की त्याच क्षणी अंगठा तळहाताखाली सरकायला लागला पाहिजे. चौथ्या बोटापर्यंत तो बाहेर लोंबकळत राहिला तर शेवटी उडी मारावीच लागते.

डाव्या हातात ही कॉर्ड फार खाली धरू नका. मिडल सीच्या खालच्या सीपेक्षाही खाली गेलात की चारही स्वर एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. तिथे एकटा बेस स्वर द्या आणि बाकीचे तीन वर उजव्या हातात ठेवा. मोकळी, भारदस्त मांडणी हवी असेल तर डाव्यात सी आणि जी फ्लॅट, उजव्यात त्याच्या वरचे ए आणि ई फ्लॅट. प्रत्येक हातात सहा सेमीटोनची जोडी, दोन हातांच्या मध्ये तीन. चार स्वर सलग धरले की जुन्या मूकपटातला खलनायक दारात उभा राहिल्यासारखं वाटतं. असे पसरून धरले की तोच आवाज एकदम वयात येतो.

सुटका

नुसती कॉर्ड धरता आली म्हणजे अर्धंही काम झालेलं नाही. हिला घर नसतं. ती कुठेतरी जायला निघालेली असते. कुठे, ते ‘नी’वरून कळतं.

बी-डी-एफ-ए फ्लॅट घ्या आणि सी मायनरमध्ये आहोत असं समजा. हे स्वर झाले नी, रे, म आणि कोमल ध. शुद्ध ‘नी’ची ओढ ‘सा’कडे, ‘म’ची कोमल ‘ग’कडे, कोमल ‘ध’ची ‘प’कडे. हाताने करायचं ते असं: बी एक सेमीटोन वर सीवर, एफ खाली ई फ्लॅटवर, ए फ्लॅट खाली जीवर. डी राहिला, तो वर ई फ्लॅटवर न्या किंवा खाली सीवर. चार आवाजांची काटेकोर हार्मनी लिहिणारे त्याला वर नेणं पसंत करतात, कारण डी खाली आणि ए फ्लॅट वर असताना दोघेही खाली उतरले तर त्यातून उघडा पाचवा (सा-प एवढं अंतर) तयार होतो. साथ करताना एवढं पाहायची गरज नसते. सी मेजरवर उतरायचं असेल तर एफ खाली ईवर जातो, वर नेलेला डीही ईवरच, बाकी सगळं तसंच.

या हालचाली एकेक करून ऐका. कॉर्ड धरून ठेवा आणि फक्त बी सोडून सी दाबा. मग एफ हलवा. मग ए फ्लॅट. प्रत्येक पायरीला ताण किती उतरतो ते कानात बसवा. कॉर्ड वाजवून हात उचलायचा आणि पुढची कॉर्ड नव्याने शोधायची, ही सवय लागली तर हे ओढणं कधीच ऐकू येत नाही आणि डिमिनिश्ड नुसती मध्येच टाकल्यासारखी वाटते.

बाखच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या डी मायनर टोकाटा आणि फ्यूगच्या सुरुवातीला हे उघड्यावर दिसतं. खाली डी धरलेला असतो, त्यावर सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट असे स्वर रचत कॉर्ड उभी राहते आणि मग डी मेजरवर मोकळी होते. सी शार्प हा तिथला ‘नी’, डी हा ‘सा’.

जी सेव्हन्थशी (जी-बी-डी-एफ) हिचं नातंही लक्षात ठेवा. उजव्या हातात बी-डी-एफ-ए फ्लॅट ठेवून डाव्याने खाली जी दिला की ती जी सेव्हन फ्लॅट नाइन होते. म्हणजे डिमिनिश्ड ही मूळ स्वर गाळलेली डॉमिनंटच (डॉमिनंट म्हणजे ‘प’वर उभी राहून ‘सा’च्या कॉर्डकडे ओढणारी कॉर्ड). म्हणून जिथे जी सेव्हन्थ सीकडे जाते, तिथे तिच्याऐवजी ही चालते.

दोन कॉर्डच्या मधला पूल

साथीत हिचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो सी ते डी मायनर अशा शेजारच्या कॉर्ड जोडायला. डाव्या हाताचा बेस सी, सी शार्प, डी असा चढवा. उजव्या हातात आधी सी-ई-जी; मग सी तेवढा बी फ्लॅटवर उतरवा, ई आणि जी जागेवर; मग ए-डी-एफ. मधली कॉर्ड सी शार्प डिमिनिश्ड सेव्हन्थ झाली. पुढे जायचं तर बेस डी शार्प आणि उजव्यात ए-सी-एफ शार्प, त्यानंतर बेस ई आणि उजव्यात जी-बी-ई, म्हणजे ई मायनर. बेस वर चढतोय आणि उजवा हात हळूहळू खाली सरकतोय, त्यामुळे ऐकायला छान लागतं. उजवा हातही बेसबरोबर वर नेलात तर सगळा डोलारा शिडी चढल्यासारखा वाटतो.

एफवरून पुन्हा घरी येतानाही हाच पूल. बेस एफ, उजव्यात ए-सी-एफ. बेस एफ शार्प, उजव्यात ए-सी-ई फ्लॅट. बेस जी, उजव्यात जी-सी-ई. मग जी सेव्हन्थ आणि सी. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना ई फ्लॅट वर ईवर जातो, ए खाली जीवर येतो, सी हलतच नाही. गाण्याच्या शेवटच्या ओळीआधी थोडा भराव हवा असेल तर हे चार ठोके पुरतात.

उतरताना नियम थोडा सैल होतो. ई मायनर सेव्हन्थ, ई फ्लॅट डिमिनिश्ड, डी मायनर सेव्हन्थ असा क्रम घ्या. बेस ई, ई फ्लॅट, डी. उजव्यात जी-बी-डी, मग जी फ्लॅट-ए-सी, मग एफ-ए-सी. इथे ‘नी’ वर ‘सा’कडे जात नाही, बेसच सेमीटोनने घसरतो आणि वरचा एक आवाजही त्याच्याबरोबर उतरतो. कानाला ते पटतं.

तिसरा प्रकार जागच्या जागी झुलण्याचा: सी मेजर, सी डिमिनिश्ड, पुन्हा सी मेजर. सी धरून ठेवायचा, ई खाली ई फ्लॅटवर, जी खाली एफ शार्पवर, हवा तर वर ए जोडायचा, आणि परत. लांबलेल्या शेवटच्या कॉर्डवर हे एकदा करा. दोनदा केलंत तर ऐकणाऱ्याला पुढचं आधीच कळतं.

एक बोट हलवा, स्केल बदला

आता समान वाटणीचा खरा फायदा. चौघांतला कोणीही ‘नी’ होऊ शकतो, म्हणून एकाच कॉर्डमधून चार घरं गाठता येतात: बी ‘नी’ मानला तर सी, डी मानला तर ई फ्लॅट, एफ मानला तर जी फ्लॅट, ए फ्लॅट म्हणजे जी शार्प मानला तर ए. मेजर असो वा मायनर.

नाव बरोबर लिहिण्याचा आग्रह इथे कामाला येतो. बी-डी-एफ-ए फ्लॅट लिहिलं असेल तर सीकडे जायचंय. त्याच पट्ट्या जी शार्प-बी-डी-एफ अशा लिहिल्या तर ‘ए’कडे, डी-एफ-ए फ्लॅट-सी फ्लॅट लिहिल्या तर ई फ्लॅटकडे, ई शार्प-जी शार्प-बी-डी लिहिल्या तर एफ शार्पकडे. स्पेलिंग म्हणजे रस्त्यावरची पाटी आहे.

हातात बसवायला यापेक्षा सोपी युक्ती दुसरी नाही: कॉर्ड धरा आणि कोणताही एकच स्वर एक सेमीटोन खाली आणा. दर वेळी एक डॉमिनंट सेव्हन्थ हातात येते. ए फ्लॅटचा जी केला की जी सेव्हन्थ, पुढे सी. बीचा बी फ्लॅट केला की बी फ्लॅट सेव्हन्थ, पुढे ई फ्लॅट. डीचा डी फ्लॅट केला की डी फ्लॅट सेव्हन्थ, पुढे जी फ्लॅट. एफचा ई केला की ई सेव्हन्थ, पुढे ए.

यातलं शेवटचं सावकाश करून बघा. उजव्यात बी-डी-एफ-ए फ्लॅट, बोटं १-२-३-५. तिसरं बोट एफवरून ईवर, डाव्यात खाली ई. आता बी खाली ए, डी खाली सी शार्प, ई जागेवर, वरचा ए फ्लॅट एक सेमीटोन वर एवर; डाव्यात ए. सी मेजरमधून दोन ठोक्यांत ए मेजरमध्ये आलात आणि उजव्या हातातला कोणताही आवाज एका पूर्ण स्वरापेक्षा (दोन सेमीटोनपेक्षा) जास्त हलला नाही. उलट एखादा स्वर सेमीटोन वर नेला तर हाफ डिमिनिश्ड मिळते. ए फ्लॅटचा ए केला की बी हाफ डिमिनिश्ड. ती सोयही हाताशी असू द्या.

स्केल बदलताना फसतं ते एकाच कारणाने: डिमिनिश्ड वाजवली, पण त्यानंतर डॉमिनंट किंवा नवं घर ठामपणे दिलंच नाही. चार दरवाजे उघडे असताना ऐकणारा आपणहून एक निवडत नाही. नव्या घराची कॉर्ड जोरकस ठोक्यावर यायला हवी आणि खाली तिचाच मूळ स्वर हवा.

पेडलचा हिशेबही इथे चोख लागतो. डिमिनिश्डवर दाबलेलं पेडल सुटकेच्या कॉर्डपर्यंत तसंच ठेवलंत तर बी आणि सी, एफ आणि ई एकमेकांवर घासत राहतात आणि सुटका ऐकूच येत नाही. नवी कॉर्ड पट्ट्यांवर पडली की त्याच क्षणी पेडल उचला आणि लगेच पुन्हा दाबा. बोटांच्या आधी पाय उचलला तर मध्ये भोक पडतं.

कान तयार करायला तीनपैकी कोणताही संच धरा, त्यातला एक स्वर निवडून गुणगुणा, मग आवाजानेच एक सेमीटोन वर चढा. जिथे पोहोचलात त्या स्वराची मायनर कॉर्ड पियानोवर द्या आणि बसते का ऐका. एकाच संचातल्या चारही स्वरांवर हे करा. गळ्याने ‘सा’ आधी सापडायला लागला की बोटांना तो शोधावा लागत नाही.